जनाच्या हातची हळद

११ जानेवारी, शनिवार

ही डायरी माझ्या लेकाला साजगावच्या कारखान्यातून मिळाली. दरवर्षी मिळते आणि दरवर्षी सूनबाई तिच्यात दूधवाल्याचे खाडे लिहिते. यंदा माझ्या नातीनं, सुप्रियानं, ती मला दिली. म्हणाली, "आजी, तू जे बघशील ते लिही. मला प्लॅनिंगला उपयोग होईल." मी म्हटलं, बाई गं, माझी शाळा तिसरीपर्यंत, तीसुद्धा म्हैस राखता राखता. जोडाक्षर आलं की माझा हात थांबतो. ती म्हणाली, थांबू दे, मग पुढे लिही.

सुप्रिया मुंबईला असते. वेब शिरीज करते. शिरीज म्हणजे सिनेमाच, पण तुकड्या तुकड्यांनी, मोबाईलवर बघायचा. आतापर्यंत दुसऱ्यांच्या हाताखाली केलं, आता स्वतःची करणार. खरीखुरी माणसं घेऊन, नटनट्या नाहीत. आणि कशावर? हळदीला नाचणाऱ्या बायांवर! मला तर टाळीच वाजवावीशी वाटली. वाजवलीसुद्धा, हाताला तांदळाचं पीठ होतं ते उडालं.

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला माणसं जेवून जातात, हळदीला मुक्काम करतात. मांडवात स्टेज, डीजे, आणि घर हौशी असलं तर नाचणाऱ्यांची पार्टी. त्या नाचतात, डोळे मारतात, म्हाताऱ्यांच्या टोप्या काढून आपल्या डोक्यावर घालतात, नवरदेवाच्या मामाच्या मांडीवर बसल्यासारखं करतात आणि बसत नाहीत. मामा तसाच मांडी सावरून बसलेला, सगळे हसतात. पुरुष पुढे खुर्च्यांवर, आम्ही बायका आत खिडकीच्या गजांतून. खिडकीचा कोपरा कायम माझा. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "विमल, तुला लाज नाय." मी म्हणायची, "तुमी खुर्चीवर बसून बघता तेव्हा नाय लागत, मी गजातून बघितलं तर लागते काय?"

सूनबाईनं तोंड वाकडं केलं. "दुसरा विषय नाय मिळाला तुला? लोकांच्या पोरी बँकेत लागतात."

सुप्रिया म्हणाली, "आई, या बायकांचं कोणी कधी ऐकलेलंच नाही."

मी म्हटलं ऐकलं नाही कसं, डीजेचा आवाज पार खालापूरपर्यंत जातो. सुप्रिया हसली नाही. तिला कामाच्या वेळी हसायला येत नाही, तिच्या बापासारखी.

१४ जानेवारी, संक्रांत

आज ओटीवरच्या भिंतीला तिनं रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. पिवळी म्हणजे नाच, निळी म्हणजे घर, गुलाबी म्हणजे त्या बाया स्वतः काय बोलतात ते. गुलाबी सगळ्या कोऱ्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण घेता घेता भिंतच बघत होत्या. शेजारची अंबाबाई म्हणाली, "काय गं विमल, रंगपंचमी लवकर आली?"

सुप्रियाला एक मुख्य बाई पाहिजे. दहा वर्षं तरी नाचलेली आणि बोलणारी. ती पेणला जाऊन आली, कर्जतला जाऊन आली. कोणी फोन उचलत नाही, कोणी उचलून नवऱ्याकडे देतात. एकीनं तर सांगितलं, ती मेली. आवाज तिचाच होता म्हणे.

मी तिळाचे लाडू वळत म्हटलं, "बिजली का नाय घेत?"

"कोण बिजली?"

घ्या! रायगडात जन्मली आणि बिजली माहीत नाही. बिजली म्हणजे बिजली. स्टेजवर आली की आधी नुसती उभी राहायची, कमरेवर हात ठेवून, सगळ्या माणसांकडे एकेक करून बघायची. तेवढ्यात अर्धे गार. मग कच्चकन मान वळवायची. ती मान मी न्हाणीघरात पुष्कळदा करून बघितली आहे, लचक भरते.

ती मोहोपाड्याला राहते. माझी बहीण तिथे असते, म्हणून मला ठाऊक. एकदा तिथल्या पिठाच्या गिरणीत माझ्या पुढे होती. साधी साडी, डोक्यावर डबा. मी चालीवरून ओळखलं. खरं नाव जना.

२३ जानेवारी

आज मोहोपाड्याला गेलो, मी आणि सुप्रिया. रिक्षात मला मधल्या खड्ड्यानं कंबर धरली, पण सांगितलं नाही, नाहीतर परत नेलं नसतं.

दोन खोल्यांचं घर, केमिकल कंपनीच्या वासात. नवरा नागू. बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचा, त्याच पार्टीत जना नाचायची, असं जमलं ते. आता त्याची छाती गेली आहे, खाटेवर असतो, पण बोटं चालूच, चादरीवर वाजवत असतो. जनानं नाचणं सोडलं, आता एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या करते. गुडघे सुजलेले. पण बाई, मान तीच.

सुप्रियानं नीट समजावलं, सगळं, काय विचारणार, कुठे दाखवणार. जना ऐकत होती. मग म्हणाली, "बोलीन की. लय बोलीन. एवढी वर्षं लोकांनी नुसतं बघितलं, इचारलं कोनी नाय. पन आता नाय. माझ्या दर्शनाचं जमलंय."

दर्शना म्हणजे तिची एकुलती मुलगी. लॅबमध्ये कामाला आहे, चष्मा, फार गुणी. स्थळ कर्जतकडचं, मुलगा रेल्वेत. साखरपुडा झाला, लग्न वैशाखात. मुलाकडच्यांना एवढंच माहीत की आई कँटीनला आहे आणि आधी केटरिंगला जायची.

"पोरीच्या डोक्यावर अक्षता पडू दे," जना म्हणाली, "मग घे माझं तोंड, घे नाव, घे सगळं. तवर माझं नखसुद्दा दिसता कामा नाय."

सुप्रियानं तिचे दोन्ही हात धरले आणि कबूल केलं. दर्शना दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "ताई, तुमी शिकलेल्या आहात, म्हणून इस्वास ठेवते."

चहा झाला. मी विषय हलका करावा म्हणून म्हटलं, जना, किती हळदी केल्यास गं आयुष्यात? ती हसली. म्हणाली, "मावशी, मोजल्या नाय. पन खरं सांगू? एवढ्या हळदी झाल्या, पन एका पन नवऱ्याला हळद लावली नाय मी. आमी मागच्या दारानं यायचं, मागच्या दारानं जायचं. हळदीचं ताट कसं सजवतात ते मी लांबनंच बघितलंय."

ते माझ्या काळजात जाऊन बसलं. परत येताना रिक्षात मी त्याचाच विचार करत होते. खड्डा लागला तरी कळला नाही.

२ फेब्रुवारी

मुंबईच्या कंपनीचा फोन आला. सुप्रियानं तो मोठ्यानं लावला म्हणून मीही ऐकला. एक माणूस फार गोड बोलत होता. म्हणाला, विषय फारच छान, पण तोंड झाकलेल्या बाया आजकाल सगळे दाखवतात. चेहरा पाहिजे. सुप्रिया म्हणाली, चेहरा मिळेल, पण मेमध्ये. तो म्हणाला बघू.

तिनं फोन ठेवला. मग मला म्हणाली, "आजी, जनाबाईंचं कोणाकडे बोलायचं नाही हं. अंबाबाईंकडे तर नाहीच."

मी म्हटलं मी काय गावभर सांगत फिरते? आणि खरंच नाही बोलले. अंबाबाईनं किती खणून बघितलं. "मोहोपाड्याला कोनाकडं गेल्तीस गं? बहीन तर पुन्याला गेलीय तुझी." मी म्हटलं दाताच्या डॉक्टरकडे. ती म्हणाली, दात हायत कुठं तुला? आम्ही दोघी हसलो आणि विषय गेला. गुपित पोटात ठेवायचं म्हणजे माझ्यासारख्या बाईला जेवायला जागा उरत नाही, पण ठेवलं.

तारीख बघितली नाही, कॅलेंडरवर सूनबाईनं पिशवी अडकवली आहे

घरात लग्नाची गडबड. सुप्रियाचा थोरला भाऊ अक्षय, माझा नातू, त्याचं लग्न तेवीसला, हळद बावीसला. मुलगी नेरळची. मांडवाला उंबराची फांदी आणायची ती कोण आणणार यावरून लेक आणि त्याचा चुलतभाऊ दोन दिवस बोलत नाहीत. पापड झाले. हळद कुटायला मुसळाला आंब्याचा डहाळा बांधायचा तो मी सांगितलेल्याच झाडाचा पाहिजे, बाकीच्या झाडांचा मोहोर गळालेला आहे.

यंदा नाचणाऱ्यांची पार्टी आणायची नाही असं सुप्रियानं अक्षयकडून कबूल करून घेतलं. डीजे मात्र आहे. डीजे नसला तर मुलगा वारला की काय असं लोक विचारतात.

१६ फेब्रुवारी

आज माझ्या डोक्यात आलं ते लिहिते. पाच सवाशिणी पहिली हळद लावतात. चार ठरल्या, पाचवी माझी नणंद होती, तिच्या घरी सुतक निघालं. पाचवी जना!

नागू खाटेला असला तरी आहे, म्हणजे ती सवाशीण आहे. तिच्या मनातली गोष्ट होईल. आणि माझा दुसराही विचार आहे. एकदा घरच्या थोरलीनं पाच सवाशिणींत उभी केली, की पुढे कोणाची बिशाद तिला बोलायची? मान दिला की माणूस मानाचा होतो. हे मी बघितलं आहे. माझी सासू मला दहा वर्षं काही बोलू द्यायची नाही, एकदा गौरीचं ताट माझ्या हातात दिलं, त्या दिवसापासून सगळी भावकी मला विचारून करायला लागली. उद्या शिरीज आली तर गाव म्हणेल, अरे, ही तर विमलबाईच्या मांडवातली सवाशीण.

सुप्रियाला जरा चाचपलं. "जनाला हळदीला बोलावलं तर?" ती एकदम ताठ झाली. "आजी, नको. सगळे तिला ओळखतात. शपथ घे." मी शपथ घेतली नाही, मान हलवली. ती मान कुठल्याही बाजूची समजता येते.

मग मागच्या परसात जाऊन जनाला फोन लावला.

"मावशी, मला कोन हात लावू देईल नवऱ्याला?"

"मी देते. माझा नातू हाय, माझा मांडव हाय."

"कोनी ओळखलं तर?"

"डोक्यावरनं पदर घे. आणि लग्नघरात बायका एकमेकींच्या साड्या बघतात, तोंडं कोण बघतंय?"

कारखान्याचा भोंगा ऐकू येत होता. मग हळूच म्हणाली, "कुठली नेसू? हिरवी चालेल?"

मला इतका आनंद झाला की जास्वंदीला दोनदा पाणी घातलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस लिहायला सवडच नाही. लग्न झालं, नवरी घरात आली, माप ओलांडताना तिनं तांदूळ पार कपाटापर्यंत उडवले, पाय जोरकस आहे. पण मला लिहायचं आहे ते हळदीचं.

जना दिवस कलायच्या आत आली. पुढच्या दारानं! मी स्वतः हात धरून आणली. हिरवी साडी, पदर कपाळापर्यंत, नाकात नथ. सूनबाई म्हणाली, ह्या कोण? मी म्हटलं माझ्या बहिणीकडच्या. हे खोटं नव्हे, बहिणीच्या गावच्याच. सुप्रिया तेव्हा पाहुण्यांना आणायला खोपोली स्टेशनला गेली होती, तेही बरंच झालं, मला तिला चकित करायचं होतं.

अक्षय पाटावर बसला. चार जणींनी लावली. जनाची पाळी आली. आंब्याच्या पानानं पायाला, गुडघ्याला, खांद्याला, कपाळाला. अक्षयला माहीत नव्हतं काही, तो वाकून तिच्या पाया पडला, जसा बाकीच्यांच्या पडला. तेव्हा तिनं तोंडाला पदर लावला. मीही डोळे पुसले. कुणाला कळलं नाही आम्ही का रडतो, लग्नघरात कारण लागत नाही.

तिथे थांबलं असतं तरी पुष्कळ होतं, असं सुप्रिया नंतर म्हणाली. पण मला वाटतं खरी मजा पुढेच झाली.

ती ताट ठेवायला वळली आणि मान वळली, तीच, कच्चकन. सवयीनं वळली असणार. डीजेवाला पोरगा ओरडला, "आयला, बिजली!" आणि तिचं जुनं गाणं लावलं. मांडव उठून उभा राहिला. पोरं शिट्ट्या मारायला लागली, म्हातारे टोप्या हातात घेऊन पुढे आले, "बिजली आली रं, बिजली!" जना मधोमध, हात जोडून उभी. "नको, नको, पाया पडते," म्हणत होती. पोरांनी गोल केला पण हात कोणी लावला नाही, ते खरं सांगितलं पाहिजे. आमच्या गावची पोरं तशी नाहीत.

ती माझ्याकडे बघायला लागली. मी पायरीवर उभी होते. मला वाटलं लाजते आहे, घरच्या माणसाची परवानगी पाहिजे आहे. मी म्हटलं, "नाच गं जना! माझ्यासाठी एकदा!"

मग नाचली. हळदीच्या हातांनी. पदर डोक्यावरच ठेवून नाचली बघा, तो घसरला की परत घ्यायची आणि परत नाचायची, एवढी अदब! गुडघे दुखत असतील पण कळू दिलं नाही. आणि मी पहिल्यांदा खिडकीतून नाही, मांडवात उभी राहून बघितलं. सगळ्यांचे मोबाईल वर, दिवाळीसारखा उजेड.

तेवढ्यात सुप्रिया आली. पाहुण्यांची बॅग तिथेच टाकून आत घुसली आणि मोबाईलांसमोर हात आडवे करायला लागली. "बंद करा, बंद करा." मला वाटलं गर्दी हटवते आहे, तिला नीट शूटिंग घ्यायचं असेल. पण तिनं कॅमेरा काढलाच नाही. जनाला धरून मागच्या दारानं घेऊन गेली. ते मला आवडलं नाही. मी पुढच्या दारानं आणली होती.

५ मार्च

त्या नाचाचा व्हिडिओ सगळीकडे गेला. पेण, पनवेल, कर्जत, कुठे कुठे. "बिजली सवाशीण बनली" असं वर लिहिलं आहे आणि पुढे हसणारी तोंडं. मी अंबाबाईला दाखवलं, म्हटलं बघ, फुकटात जाहिरात. अंबाबाईनं मोबाईल माझ्या हातात परत दिला. "विमल, तुला खरंच कळत नाय का गं?" काय ते सांगेना. जळते ती. तिच्या नातवाच्या हळदीला दहा माणसं नव्हती.

मुंबईच्या त्या गोड माणसाचाही फोन आला. त्याच्यापर्यंतही पोचला व्हिडिओ! म्हणाला हीच बाई पाहिजे, हाच सीन पाहिजे, लगेच सुरू करू. मी आनंदानं साखर आणायला आत गेले. परत आले तर सुप्रियानं फोन ठेवलेला. म्हणाली, "मी नाही म्हणून सांगितलं."

"अगं, का?"

"कबूल केलं होतं आजी. तिचं नखसुद्धा दिसता कामा नये म्हणाली होती."

"पण तू कुठं दाखवलंस? लोकांनी दाखवलं."

ती उठली आणि भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढायला लागली. आधी गुलाबी. मी म्हटलं राहू दे, घरात लग्नाचा रंग आहे. ऐकलं नाही. चिठ्ठ्यांबरोबर भिंतीचा चुनाही निघाला.

१४ मार्च, धुळवड

गावच्या पोरांनी सांगितलं, बिजली परत सुरू झाली. व्हिडिओ बघून लोकांनी शोधून काढली. आता तिला मांडवात नुसतं नाचायला नाही, आधी हिरव्या साडीत हळदीचं ताट घेऊन यायला लावतात आणि मग गाणं लागतं. लोकांना तेच पाहिजे असतं म्हणे. बघा, माझ्या मांडवातली रीत तालुक्यात गेली! मी सुप्रियाला हे सांगितलं. तिनं पुरणपोळीचं ताट बाजूला सारलं. मुंबईला जाते म्हणाली. सणाचा दिवस, तुकडा मोडून गेली.

२२ मार्च

मला राहवेना. लग्नाच्या बुंदीचे लाडू अजून होते, घेऊन एकटी मोहोपाड्याला गेले. दार नागूनं उघडलं, भिंत धरत, आणि परत खाटेवर जाऊन पडला. जना घरी नव्हती, उरणला हळद होती. कँटीनमधून तिला काढलं. कंत्राटदार म्हणाला, कामगार चपाती सोडून तुझ्याकडे बघतात.

"आणि दर्शना?"

"मोडलं," नागू म्हणाला. "त्यांनी साकरपुड्याचं सामान परत धाडलं. टेंपोनं. आमच्या दारात उतरवून गेले, सगळी आळी बघत व्हती."

मी त्या लोकांना खूप बोलले. डोळे फुटले आहेत त्यांचे, एवढी गुणी मुलगी. एका नाचानं लग्न मोडतं ते लग्न मुळात कसलं? नागू मान हलवत होता. त्याचे हात चादरीवर पडलेले होते, नुसतेच. मी लाडूचा डबा त्याच्या उशाशी ठेवला. म्हटलं काळजी करू नको, मी दर्शनाला दुसरं स्थळ आणते, याच्यापेक्षा सरस. तो म्हणाला, "आना."

म्हणून आता मी त्या कामाला लागले आहे. रोह्याकडे एक मुलगा आहे, पोष्टात. सूनबाई म्हणते, त्यांच्याही मोबाईलवर आला असेल. मी म्हटलं अशुभ बोलू नको. पण त्या रोह्याच्या बाईनं दोनदा फोन कापला. रेंज नसेल.

१० एप्रिल

आज दर्शना आली, एकटी. सुप्रिया मुंबईत, सूनबाई नव्या सुनेला घेऊन नेरळला. मी घरी होते ते बरं. चष्म्याची काडी मोडलेली, दोरा बांधलेला. खुर्ची दिली तर नको म्हणाली, ओटीच्या कडेला बसली. खांद्याच्या पिशवीतून कागद काढला, पेन काढलं. मला वाटलं स्थळाची माहिती लिहून घ्यायला आली. मी रोह्याचं सांगायला सुरुवात केली, घर स्वतःचं, नारळाची झाडं. ती ऐकत होती, फार शांत मुलगी.

मग म्हणाली, "आजी, मी पोलिसात जातेय. त्या पोरांची नावं पायजेत."

"कोणत्या पोरांची?"

"ज्यांनी आईला जबरदस्तीनं नाचवलं. आई नाव सांगत नाय. म्हणते अंधार व्हता, हात धरून ओढली, कोन व्हते ते दिसलं नाय. पन तुमी व्हतात ना तिथं." तिनं पेनचं टोपण काढलं. "मला नोकरीवर पन लोक व्हिडिओ दाखवतात. एकदा कुठंतरी लिहिलं गेलं पायजे, की ती आपणहून नाचली नाय."

मी म्हटलं, "अगं, ओढली कोणी नाय! अंधार कुठला, एवढे दिवे. मीच म्हटलं तिला नाच म्हणून."

"तुमी?"

"मग! बोलावली पण मीच, पाचवी सवाशीण म्हणून. दुसऱ्या कोणाची छाती झाली असती? ती माझ्याकडं बघत व्हती, मी म्हटलं नाच गं, माझ्यासाठी. काय नाचली सांगू तुला..."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. राग मला कळतो, मी सासूच्या हाताखाली दिवस काढले आहेत. हे काहीतरी वेगळंच होतं, एखादी वस्तू हातातून पडली आणि आता वाकून उचलायची ताकद नाही, तसं.

"आई रोज तुमचं नाव काढते," ती म्हणाली. "म्हणते, त्या घरातली म्हातारी देवमाणूस हाय. तिनं मला नवऱ्याला हळद लावू दिली."

मी म्हटलं, तिला म्हणावं कधीही ये, हे घर तुझंच. तिनं पेनाला टोपण लावलं. कागदावर वर "अर्ज" एवढंच लिहिलेलं होतं, चांगलं अक्षर, माझ्यासारखं नाही. तो घडी घालून पिशवीत ठेवला. मी म्हटलं, थांब, डीजेवाल्या पोराचं नाव तरी घे, त्यानं गाणं लावलं होतं. ती म्हणाली, "राहू द्या आजी." चहा टाकते म्हटलं तर त्यालाही राहू द्या. वाकून पाया पडली आणि गेली. मी दारापर्यंत गेले, तिला हाक मारायची होती, पण हाक मारून सांगायचं काय, ते सुचेना. मला आणि सुचेना!

संध्याकाळी सूनबाई आली. चपला काढता काढता म्हणाली, "कोण आल्तं? ओटीवर पाण्याचा पेला हाय, भरलेला."

मी म्हटलं, "कोणी नाय."